मोरचेलाला व्हार्निश

ग्वाल्हेरला जाऊन आलो म्हटलं की माणसं आधी किल्ल्याचं विचारतात. किल्ला मी पाहिला, पण ताईच्या गॅलरीतून, आणि तोही धुकं हटेल तेव्हा. राजवाडा पाहिला नाही, गाण्याची एखादी बैठकही ऐकली नाही. आठ दिवस होतो. पाहण्यासारखं असं जे होतं ते एका फ्लॅटमधल्या एका खोलीत खुंटीला टांगलेलं होतं, आणि ते मी माझ्या हातांनी बिघडवून आलो. तेव्हा ज्यांना प्रेक्षणीय स्थळांची यादी हवी असेल त्यांनी दुसरीकडे बघावं.

मी साताऱ्याचा. हायस्कुलात भौतिकशास्त्र शिकवलं, निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. मला भाऊ नाही. एकच थोरली बहीण, सुमनताई, ती लग्न होऊन ग्वाल्हेरला गेली आणि तिकडचीच झाली. तिचे यजमान, आमचे दाजी, वीज खात्यातून निवृत्त झालेत. त्यांचे पूर्वज दक्षिणेतून जाऊन तिथल्या दरबाराच्या दप्तरात नोकरीला लागलेले. त्यांना दोन मुलं. धाकटी मृदुला फिजिओथेरपिस्ट आहे. थोरला अनिकेत दोन वर्षांपूर्वी गेला. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेला आणि पाचव्या दिवशी सगळं संपलं. एकोणतीस वर्षांचा होता.

गेल्या मार्गशीर्षात ताईचा फोन आला. "दत्तजयंतीला ये. आणि अनिकेतच्या मोरचेलाला कसर लागलीय रे. तू शास्त्रातला माणूस, काही करता येतं का बघ."

मला कुणी 'काही करता येतं का बघ' म्हटलं की मी चपला घालायला लागतो. तसाच निघालो.

सिटी सेंटर

धुक्यामुळे गाडी किती उशिरा पोचली ते सांगत नाही, सगळ्यांच्या गाड्या तिकडे उशिराच पोचतात. दाजी स्टेशनवर कानटोपी घालून उभे होते. म्हणाले, "या वसंतराव. काही त्रास तर नाही ना झाला? चला, घरी चलून चहा घेऊन घ्या." त्यांचं मराठी असं, हिंदीच्या अंगणातून फिरून येणारं. पहिल्या वर्षी मी हसायचो. आता त्यांच्या तोंडी दुसरं कुठलं मराठी शोभायचं नाही असं वाटतं.

आमच्या साताऱ्याची थंडी सकाळी बोचते आणि दहा वाजता आपली वाट धरते. इथली ताईच्या सिटी सेंटरमधल्या फ्लॅटमध्ये येऊन बसते आणि उठायचं नाव घेत नाही. फरशीवर पाय टाकवत नाही. नाश्त्याला बेडई, म्हणजे डाळ भरलेली पुरी, आणि बटाट्याची झणझणीत भाजी, वर जिलबी. पोहेही केले होते, पण पोह्यांवर खोबरं-कोथिंबिरीऐवजी शेव. मी कुरकुरलो. ताई म्हणाली, "चाळीस वर्षं तेच कुरकुरतोयस. खा गुपचूप." मग तिने तिळाच्या गजकचा डबा पुढे केला आणि माझं तोंड बंद झालं. आपली गूळपोळी मला प्रिय आहे, पण जिभेवर ठेवताच विरघळणारी ही खुसखुशीत वडी आपल्याकडे कुणाला जमत नाही हे कबूल.

चहानंतर ताई मला अनिकेतच्या खोलीत घेऊन गेली. दाजी बाहेरच पेपर वाचत बसले.

टेबलाच्या वर, खुंटीला, मोरचेल टांगलेलं होतं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो: देवावर ढाळायचा मोरपिसांचा जुडगा, चांगला हातभर लांब, खाली पितळी पत्रा ठोकलेली मूठ. दाना ओलीतल्या दत्तमंदिरात जन्मकाळाला ते ढाळण्याचा मान या घराचा. कुणाकडे चवरी, कुणाकडे अब्दागीर, यांच्याकडे मोरचेल. जुनं झडून गेलं तेव्हा एकोणीस वर्षांच्या अनिकेतने नवं बांधलं. विकतची पिसं घेणार नाही म्हणाला. दोन वर्षं पावसाळा सरला की किल्ल्याच्या उतारावर फिरून मोरांनी टाकलेली पिसं गोळा केली, आणि मेणाच्या दोऱ्याने एकेक पीस बांधून मुठीत बसवलं.

खिडकीतून कोवळं ऊन आलं होतं. ताईने मोरचेल खाली काढलं आणि हातात जरासं फिरवलं. पिसांवरचे डोळे पेटले. आधी हिरवे, मग मधोमध गडद निळे, मग कडेने तांब्यासारखे, आणि हात थोडा वळला की परत हिरवे. मी आयुष्यभर मुलांना हे फळ्यावर शिकवलं, पण असं उन्हात धरून एवढा वेळ कधी पाहिलं नव्हतं.

"रोज सकाळी मी इथे पाच मिनिटं बसते," ताई म्हणाली. "असं फिरवलं की वाटतं, आत्ताच बांधून दाखवायला आणलंय त्याने."

मग तिने टेबलावरची बारीक भुकटी दाखवली. कसर बुडख्याशी लागली होती. चार-पाच पिसांचे तंतू अर्धे खाल्लेले होते. असंच चाललं असतं तर दोन-तीन वर्षांत नुसत्या काड्या राहिल्या असत्या.

जेवताना मी वर्ग घेतला. दुसरं काय येतं मला!

"हे बघा, मोराच्या पिसात निळा रंग नसतोच. हिरवाही नसतो. खलबत्त्यात घालून कुटलं तर तपकिरी भुकटी मिळेल, बास."

"ईऽ मामा, कूटना क्यों है?" मृदुला म्हणाली. घरात मराठी, पण अर्ध्या वाक्यात गाडी हिंदीच्या रुळावर जाते.

मी तिची बांगडी मागून घेतली, साबणाच्या पाण्यात बुडवली आणि बांगडीत धरलेला पापुद्रा दिव्याखाली धरला. त्यात जांभळे-हिरवे पट्टे उतरायला लागले. "साबणाला रंग आहे का? नाही. पाण्याला? नाही. पापुद्र्याच्या वरच्या अंगावरून थोडा प्रकाश परत येतो, खालच्या अंगावरून थोडा. दोघांचं पावलात पाऊल पडलं तर तो रंग झळाळतो, चुकलं तर मावळतो. पापुद्रा किती जाड आणि तुम्ही कुठून बघता, त्यावर सगळं. पिसात तेच. पिसाच्या बारीक तंतूंना आणखी बारीक तंतू असतात, आणि त्यांच्या आत काळसर काड्यांची जाळी रचलेली असते. जाळी दाट असेल तिथे निळा, जरा विरळ तिथे हिरवा, आणखी विरळ तिथे तांबूस. हात फिरवला की प्रकाशाची वाट बदलते, म्हणून रंग बदलतो."

"मग तो रंग आहे कुठे?" दाजींनी विचारलं.

"कुठेच नाही, दाजी. प्रकाश पडलाय तोवर आहे."

ताई वाढता वाढता थांबली. "म्हणजे मी रोज जे बघते ते नसतंच?"

"तसं नाही गं," मी म्हणालो आणि पोळी मागितली. तिच्या चेहऱ्याकडे मी तेव्हा पाहिलं नाही, आज त्याची लाज वाटते.

मग मी माझा उपाय सांगितला. शाळेत असताना मी सगळ्याला व्हार्निश मारायचो. नकाशे, लाकडी कप्प्या, कागदी हाडांचा सांगाडा, काही सोडलं नाही. एकालाही कसर लागली नाही. तेव्हा मोरचेलालाही पारदर्शक व्हार्निशचा पातळ हात द्यायचा, काचेआडच्या तसबिरीसारखं जन्मभर राहील.

"नको रे," ताई म्हणाली. "डांबराच्या गोळ्या ठेवू आपण. रंग उडाला बिडाला तर?"

"ताई, रंगच नाही त्यात, तर उडणार काय?"

ती गप्प बसली. लहानपणापासून माझ्या बोलण्यापुढे ती अशीच गप्प बसते, आणि त्याला मी पटलं असं समजतो.

दाना ओली

दुसऱ्या दिवशी ताईबरोबर मंदिरात गेलो. दत्तजयंतीच्या आधी सात दिवस तिथे बायकांचं पोथीचं पारायण असतं. दाना ओली म्हणजे लष्कर नावाच्या जुन्या भागातली गल्ली. दोन्ही बाजूंनी घरं इतकी जवळ की समोरासमोरच्या खिडक्यांतून वाटीभर साखर देता यावी. खाली दुकानं, वर संसार, मधून एक ई-रिक्षा आणि एक गाय एकाच वेळी जाऊ बघतात. देवळात शिरलं की मात्र एकदम आपलं वाटतं. तीच आरती, तोच गंधाचा वास, आणि भिंतीवर मराठीत 'चपला बाहेर काढाव्यात'. बाहेर पडलं की लगेच 'भैया, जरा साइड'.

एका म्हाताऱ्या बाईंनी मला विचारलं, "तुम्ही सुमनचे भाऊ? बरं झालं आलात. ती फार एकटी पडून गेली आहे." मी मान डोलावली. परतताना महाराज बाड्याच्या चौकातल्या रंगाच्या दुकानातून व्हार्निशचा डबा आणि मऊ ब्रश घेतला.

गॅलरी

तिसऱ्या दिवशी सकाळी ताई पारायणाला गेली, मृदुला कामावर. धुकं लवकर हटलं होतं, ऊन चांगलं होतं. मी दाजींना म्हटलं, "आणा ते मोरचेल."

"तुम्हीच आणून घ्या ना," ते म्हणाले. गुडघे दुखत असतील असं मला वाटलं. मीच जाऊन खुंटीवरून काढलं.

गॅलरीत वर्तमानपत्र पसरलं. व्हार्निश तंतूंत नीट मुरावं म्हणून चांगलं पातळ केलं. माझा हात कसा साफ चालतो ते मीच कौतुकाने बघत होतो. एकेक पीस, बुडख्यापासून डोळ्यापर्यंत. दाजी खुर्चीवर बसले होते, तोंड रस्त्याकडे.

पहिली दहा-बारा पिसं झाल्यावर ती काळवंडलेली दिसली. मी घाबरलो नाही. मोराचं पीस पाण्यात भिजलं की रंग मंदावतो आणि वाळलं की परत येतो, हे मी स्वतः वर्गात करून दाखवलं आहे. ओलं आहे, वाळलं की येईल. सगळी पिसं पुरी केली, दोरीला उलटं टांगलं आणि चहा टाकला.

तासाभराने दाजी म्हणाले, "वसंतराव, हे काळं पडून राहिलंय."

"वाळू द्या."

"वाळून गेलंय."

मी बोट लावलं. कोरडं ठणठणीत. उन्हात धरलं, फिरवलं, खाली-वर केलं. निळा नव्हता. हिरवा नव्हता. शेवाळलेल्या पाण्यावर येते तशी एक मळकट तपकिरी तकाकी होती, आणि खूप तिरकं धरलं तर कुठेतरी मेलेली हिरवट झाक.

आणि त्याच क्षणी मला कळलं. मूर्खासारखं, पण पूर्ण कळलं. त्या जाळीत नुसत्या काड्या नसतात. काड्यांच्या मध्ये पोकळ्या असतात, हवेच्या. काडी आणि हवा, काडी आणि हवा, अशी रचना आहे म्हणून प्रकाश परत फिरतो. पाणी शिरलं तर ते उडून जातं आणि हवा परत येते. व्हार्निश उडून जात नाही, ते तिथेच घट्ट होतं. तीस वर्षं मी मुलांना पापुद्रे शिकवले आणि हवा सांगायची विसरलो. रंग उडाला नव्हता, त्याला राहायला जागाच मी ठेवली नव्हती. चांगलं मुरावं म्हणून पातळ केलं होतं ना, चांगलंच मुरलं.

"दाजी, गेलं हे," मी म्हणालो.

ते वळले आणि प्रथमच नीट बघितलं त्यांनी. मोरचेलाकडे बघत एकदा हात पुढे केला आणि मागे घेतला.

ताई बाराला आली. दारातच तिला वास आला. पिशवी हातातच, ती गॅलरीत आली, आणि मी काही बोलायच्या आत दाजी उठून उभे राहिले.

"सुमन, माझ्याकडून झालं हे. वसंतरावांना मी म्हटलं, राहू द्या तुम्ही, मी लावतो. जास्त लागून गेलं."

चाळीस मुलांच्या वर्गात ज्याचा आवाज मागच्या बाकापर्यंत जायचा, त्या माणसाला 'नाही, मी लावलं' हे तीन शब्द फुटले नाहीत.

ताईने मोरचेल दोरीवरून सोडवलं. उन्हात एकदा फिरवलं. परत एकदा. मग पदर तोंडाला लावला आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. आतून रडण्याचा आवाज आला नाही. यायला हवा होता, त्याची मी वाट बघत उभा होतो.

महाराज बाडा

त्या दिवसापासून ताई दाजींशी बोलेना. ताट वाढायची, पाणी ठेवायची, औषधाची गोळी ताटाशेजारी ठेवायची, पण शब्द नाही. मुलगा गेल्यावर ती दोघं एकमेकांच्या आधाराने कशीबशी उभी होती. आता त्या घरात कुकरच्या शिट्टीशिवाय आवाज नव्हता. माझ्याशी मात्र नीट बोलायची, "वसंता, अजून एक घे." आणि मी घ्यायचो.

चौथ्या दिवशी मी दाजींना घेऊन बाड्यावर गेलो. गोल चौक, भोवती संस्थानी काळातल्या ऐटदार इमारती, मध्ये टेम्पोंचा गोंगाट, फुटपाथवर स्वेटरांचे ढीग. इतर वेळी मी तासभर उभा राहून बघितलं असतं. मी सरळ रंगाच्या दुकानात शिरलो आणि विचारलं, व्हार्निश काढायला काय मिळेल? दुकानदाराने विचारलं, कशावरून? मी पिसावरून म्हटलं.

त्याने चष्मा वर केला. "भाईसाहब, पंख पे वार्निश कौन लगाता है?"

दाजी शांतपणे म्हणाले, "हमसे गलती हो गई."

इथेही तेच! बाहेर आल्यावर मी चिडलो. "दाजी, हे काय लावलंय तुम्ही? आज ताईला मी सगळं सांगणार आहे."

त्यांनी माझा दंड धरला. "नका सांगू. हे बघा, माझ्यावर रागावली तरी मी कुठे जाऊन राहिलोय? इथेच आहे. आज नाही तर महिन्याने बोलेल. तुम्ही चार दिवसांनी जाल. माहेरचं तिला एक माणूस उरलंय, वसंतराव. ते नको जायला."

मी काय करायला हवं होतं ते तुम्हाला कळतंय, मलाही कळत होतं. पण तेव्हा त्या माणसाच्या चांगुलपणाच्या आड लपायला मला बरं वाटलं. एवढं साधं आणि एवढं हलकट.

घरी येऊन मोरचेलातून सुटलेल्या एका पिसावर दुकानातून आणलेला थिनर लावून पाहिला. व्हार्निश सुटलं नाही, तंतूच सुटले. कापसाला चिकटून गोळा होऊन आले आणि काडी उघडी पडली. डबा मी तसाच बंद केला.

मोरेन्याच्या रस्त्याला

पाचव्या दिवशी रविवार होता. मृदुलाच्या स्कूटरवर मागे बसून मोरेन्याच्या बाजूला निघालो. नवी पिसं मिळाली तर, असं माझ्या डोक्यात. वाटेवर मोहरीची शेतं पसरलेली, पिवळा रंग धुक्यात अर्धा बुडालेला. पुढे बीहड सुरू होतं. मातीचे उंचवटे आणि घळी, पावसाने कुरतडून ठेवलेली जमीन. आपल्याकडे डोंगर असतो, दरी असते, काहीतरी एक असतं. इथे जमीन नुसती खचत गेलेली. मला ते बघवेना.

एका वस्तीजवळ थांबलो. शेणी थापणारी एक बाई हसली. "मोर के पंख? वो तो बरसात के बाद गिरते हैं भैया. अब तो नए आ रहे हैं. अब कहाँ मिलेंगे!"

तेवढ्यात भिंतीवर मोर आला. धुक्यात तो काळपट दिसत होता, एखाद्या मोठ्या कोंबड्याएवढंच त्याचं अप्रूप. मग धुक्यातून थोडं ऊन सांडलं आणि त्याने मान वळवली. काय सांगू! निळा रंग असा उसळला की डोळ्यांत पाणी आलं. त्याने काही केलं नव्हतं, फक्त मान वळवली होती. मी त्याच्याकडे बघत राहिलो आणि मला त्या पक्ष्याचा राग आला, खराखुरा राग.

"मामा," मृदुला हळूच म्हणाली, "मिल भी जाते तो क्या? आईला मोराची पिसं नको आहेत."

"माहीत आहे."

"तिला दादाने बांधलेली हवी होती." मग जरा वेळाने तिने विचारलं, "बाबांनी खरंच लावलं ते?"

आता तरी बोलायचं. मराठी समजणारे तिथे आम्ही दोघंच, पोरगी विश्वासाने विचारते आहे. मी म्हणालो, "हं."

तिने स्कूटर सुरू केली.

जन्मकाळ

दत्तजयंतीला संध्याकाळी देऊळ भरलं होतं. फुलं, सुंठवड्याचा वास, नऊवारीतल्या म्हाताऱ्या, जीन्समधल्या सुना. ताईने मोरचेल पांढऱ्या कापडात गुंडाळून आणलं आणि देवासमोर दाजींच्या हातात दिलं. कापड काढल्यावर शेजारचे लोक कुजबुजले.

देवळाची व्यवस्था बघणारे गृहस्थ पुढे आले. माणूस वाईट नव्हता, खाली वाकून बोलला. "काका, हे असं देवासमोर बरं दिसत नाही हो. काय झालं याला?"

"माझ्या हातून खराब झालं," दाजी म्हणाले. शंभर माणसांसमोर, तिसऱ्यांदा.

मी खांबाला टेकून उभा होतो, पाच पावलांवर.

त्या गृहस्थांनी देवळातली दुसरी चवरी आणून दिली. दाजींनी घेतली नाही. ती मग दुसऱ्या घरातल्या कुणीतरी घेतली. पाळणा सुरू झाला, फुलं उडाली, घंटा वाजायला लागली. पिढ्यान्‌पिढ्या त्या क्षणी ज्या घराचा हात हलायचा त्या घरचा माणूस मोरचेल छातीशी धरून नुसता उभा होता. माझ्या तळहातावर कुणीतरी सुंठवडा ठेवला. मी तो खाल्ला. गोड लागला, याचीही मला शरम वाटली.

स्टेशन

आठव्या दिवशी सकाळची गाडी. दाजी स्टेशनबाहेर गाडी लावायला जागा शोधत राहिले. ताई माझ्याबरोबर फलाटावर आली. बाकावर बसलो. धुक्यात समोरचा फलाट दिसत नव्हता. आता नाही तर कधीच नाही, असं म्हणून मी एका दमात सांगितलं.

"ताई, ते मी लावलं. दाजींनी नाही. त्यांनी हातसुद्धा लावला नाही. ते माझ्यासाठी खोटं बोलले, आणि मी बोलू दिलं."

ती समोर बघत होती. "मला माहीत आहे."

"कधीपासून?"

"गॅलरीत पाऊल टाकलं तेव्हापासून. वसंता, अनिकेत गेल्यापासून ह्यांनी त्या खोलीत पाय ठेवलेला नाही. मोरचेल देवळात मी हातात देते तेव्हा धरतात, डोळे मिटून. ते ब्रश घेऊन बसतील?"

"मग तू त्यांच्याशी बोलत का नव्हतीस?"

"खोटं बोलले म्हणून. अनिकेतच्या वस्तूवरून खोटं बोलले, आणि तेही माझ्याशी." ती थांबली. "आणि मी तुझ्याशी बोलत होते ती तू सांगशील म्हणून. रोज पोथी वाचून घरी येताना वाटायचं, आज सांगेल. देवळात तर वाटलंच. पाच दिवस, वसंता! ते एकटे उभे होते तिथे."

"चुकलो गं."

"मोरचेलाचं नाही मला एवढं. तू चांगल्यासाठीच केलंस, ते कळतं मला." तिचा आवाज फुटला आणि तिने तो परत सावरला. "पण ते तसे उभे होते आणि तू खांबाला टेकून होतास. ते डोळ्यांसमोरून जात नाही."

गाडीची घोषणा झाली. तिने गजकचा पुडा माझ्या पिशवीत ठेवला, शाल नीट केली, पाण्याची बाटली घेतली का विचारलं. डब्यात चढल्यावर खिडकीशी आली. मला वाटलं, नेहमीसारखं 'पोचलास की फोन कर' म्हणेल.

"आता काही दिवस येऊ नकोस," ती म्हणाली. "मीच बोलावीन."

मृदुलाचा फोन अधूनमधून येतो. आई-बाबा बोलायला लागलेत, असं म्हणाली, पुष्कळ नाही, पण बोलतात. दाजी संध्याकाळी फिरायला जातात. ताई जवळच असते, पण फोन घेत नाही. सकाळी दहाच्या सुमाराला तिची पूजा आटोपते, त्या वेळेला मी रोज फोन जवळ घेऊन बसतो. सात महिने झाले. तिने अजून बोलावलेलं नाही.